पाठीमागचं झाकण ते हीट प्लेट : आमच्या दुकानाची वाटचाल

ठाणे पूर्वेला कोपरीत आमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, मी आणि माझे मिस्टर मिळून चालवतो, हाताखाली दोन पोरं आहेत. नातेवाईक भेटले की हमखास विचारतात, अगं आता कोण रिपेअर करतं, सगळे नवीनच घेतात ना? तर अजिबात नाही, रोज करतात आणि मन लावून करतात. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर बदलत गेली ती म्हणजे फोन उघडणं दरवर्षी अवघड होत गेलं, आणि आमच्या धंद्याची सगळी कहाणी मला तरी त्यातच दिसते.

ह्यांचं मूळ काम टीव्हीचं. आयटीआय केलेलं, पिक्चर ट्यूबवाले टीव्ही, ईएचटी (ट्यूबला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) बदलणे, घरोघरी जाऊन दुरुस्ती. मोबाईल आले २००३ च्या सुमारास, म्हणजे फोन १९९५ पासून होते पण ते साहेब लोकांकडे, कारण समोरच्याने फोन केला तरी पैसे आपले जायचे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, त्याच वर्षी रिलायन्सची ती ५०१ रुपयांची मान्सून हंगामा स्कीम आली, त्याच वर्षी नोकिया ११०० आला आणि भाजीवाले, रिक्षावाले, कामाला जाणाऱ्या मावश्या, सगळ्यांच्या हातात फोन दिसायला लागला. मी तेव्हा दुकानात रिचार्जची कूपनं विकायला बसायचे. ह्यांनी टीव्हीच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात मोबाईलचं काम सुरू केलं आणि तो कोपरा वाढत वाढत पूर्ण टेबल झाला.

तो ११०० उघडायचा कसा ते मी आजही डोळे मिटून सांगेन. पाठीमागचं झाकण, मग बॅटरी, मग सिम, मग पुढचं कव्हर, मग टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचे) स्क्रू, झालं. फॉल्टही ठरलेले असायचे, कीपॅड दबत नाही, माईक गेला, चार्जिंग पिन हलते. ग्राहक समोर उभा राहून बघायचा आणि त्याच्यासमोर काम व्हायचं, त्यामुळे आत काय बदललं असा प्रश्नच कुणाच्या मनात यायचा नाही.

२६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, ठाण्यातही घराघरात पाणी होतं आणि पुढचे कित्येक दिवस लोक पिशव्यांमध्ये ओले फोन घेऊन येत होते. त्यातले खूप वाचले, आणि का वाचले हे मी नवीन पोरांना नेहमी सांगते. पाण्याने फोन लगेच मरत नाही, पाणी असताना आत करंट चालू राहिला तर तांब्याच्या रेषा खाल्ल्या जातात आणि मग मरतो. तेव्हा लोकांनी आपणहून झाकण उघडून बॅटरी बाहेर काढली होती, करंट बंद, मग आम्ही बोर्ड (आतली सर्किटची पाटी) धुऊन सुकवून दिले. आज तुमचा फोन पाण्यात पडला तर बॅटरी काढताच येत नाही, फार तर स्विच ऑफ करता येतो, आणि तो लगेच करा, चार्जिंगला लावून बघू नका. आणि कृपा करून तांदळात ठेवू नका. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याची भुकटी चार्जिंग पिनमध्ये जाऊन बसते, आणि तोवर दोन दिवस वाया जातात ते वेगळंच, त्या दोन दिवसांत बोर्ड गंजतो.

२००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली, त्या मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या होत्या, चार्ज करताना तापू शकतात म्हणून. लोक घाबरून रांगा लावून यायचे, आम्ही बॅटरी काढून नंबर बघून सांगायचो बदलायची की नाही. विचार करा, बॅटरीत दोष निघाला तर लोक ती स्वतः काढून नवीन टाकू शकत होते! मग २००९ च्या शेवटी आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) नसलेले चायना फोन बंद झाले, १९९ रुपयांत खरा नंबर टाकून मिळायचा तेव्हा. चायना फोनने आम्हाला शिकवलं मात्र भरपूर, कारण प्रत्येकाचा बोर्ड वेगळा आणि नकाशा कुणाचाच नाही, मीटर लावून लावून शोधायचं.

मी शिकले ते ह्याच काळात. टीव्हीचं काम ओसरलं, ह्यांना जवळचं बारीक दिसेना, आणि माझा हात स्थिर आहे हे ह्यांनीच आधी ओळखलं. आधी सॉफ्टवेअर, फ्लॅशिंग (म्हणजे फोनमधलं सॉफ्टवेअर नव्याने टाकणं), मग सोल्डरिंग, मग मायक्रोस्कोप घेतला आणि आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, काढून रिबॉलिंग करून, म्हणजे तिच्याखालचे सोल्डरचे मणी नव्याने लावून, परत बसवायला लागले. दुकानात येणारे माझ्याकडे बघून विचारायचे, ताई, दादा कधी येतील? अजूनही विचारतात कधीकधी. मी म्हणते फोन द्या, प्रॉब्लेम सांगा. एकदा त्यांच्यासमोर बोर्ड डीसी मशीनला (बाहेरून मोजून करंट देणारं) लावला आणि कुठला कपॅसिटर (बोर्डावरचा बारीक पार्ट) शॉर्ट आहे ते दाखवलं की पुढच्या वेळी तेच लोक दादांना सोडून मलाच विचारतात. ह्याचा मला अभिमान आहे.

पार्टसाठी तेव्हा सकाळची लोकल पकडून सीएसटी, तिथून मनीष मार्केट. आता बराचसा माल व्हॉट्सॅपवर सांगितला की येतो, पण डिस्प्ले मी अजूनही शक्य तेव्हा हातात घेऊन बघते. कारण एकाच मॉडेलचा फोल्डर, म्हणजे डिस्प्लेच, तुम्हाला चार भावांत मिळतो, ओरिजिनल, त्याखालोखाल ओजी आणि इनसेल, शेवटी साधी कॉपी, आणि ग्राहकाला काउंटरवर सगळे सारखेच दिसतात. फरक नंतर कळतो, उन्हात दिसत नाही, टच उडतो, बॅटरी लवकर उतरते. आमच्याकडे नियम आहे, कुठला माल लावला ते बिलावर लिहायचं आणि जुना पार्ट ग्राहकाच्या हातात द्यायचा. ह्यामुळे काही गिऱ्हाइकं जातात, कारण शेजारी कोणीतरी कॉपीच ओरिजिनल म्हणून स्वस्तात सांगतो. जाऊ देत. जी राहतात ती पोराबाळांचे फोन घेऊन येतात.

मग साधारण २०१५ पासून महागड्यांबरोबर मधल्या किमतीचे फोनही चिकटवलेले यायला लागले. मागे काच, आत गोंद, बॅटरी गोंदाने चिकटवलेली, स्क्रू आहेत पण गोंदाच्या आत. आम्हाला हीट प्लेट घ्यावी लागली, आधी फोन गरम करायचा, गोंद मऊ झाला की पातळ पट्टीने कडेकडेने सोडवायचं, आणि हे करताना आत बॅटरी आहे हे क्षणभरही विसरायचं नाही, तिला भोक पडलं तर आग. एवढ्या सगळ्या खटाटोपामुळे साधी बॅटरी बदलायचं काम महाग होतं, मग ग्राहक म्हणतो ह्यात अजून थोडे टाकून नवीनच घेतो, आणि चांगला चालणारा फोन कपाटात जातो. मला खरोखर वाईट वाटतं अशा वेळी, कारण त्या फोनमध्ये बॅटरी सोडून काहीच खराब झालेलं नसतं. बॅटरी ही संपणारीच वस्तू आहे. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्यांचं कंपनीचं गणितच ५०० सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरणं) ८० टक्के क्षमता असं होतं, १५ पासून १,००० सायकल झालं. मग जी वस्तू संपणार हे बनवणाऱ्याला माहितीये ती गोंदात का पुरायची?

फुगलेल्या बॅटरीबद्दल लिहितेच, कारण आठवड्याला एक तरी येते. काच मागून उचललेली दिसते, लोक तिला रबर बँड लावून, कव्हर घट्ट बसवून वापरत राहतात. आतलं रसायन विघटन होऊन वायू झालेला असतो, तो दाबून परत जात नाही. उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज ह्याने हे लवकर होतं, बाईकच्या हँडलला उन्हात मॅप लावून दिवसभर चार्जिंगवर फिरणाऱ्या डिलिव्हरीच्या पोरांच्या फोनचं हेच होतं. फुगली दिसली की चार्जिंग बंद, वापर बंद, दुकानात आणा. काढलेल्या बॅटऱ्या आम्ही वेगळ्या ठेवतो आणि नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याला देतो, घंटागाडीत टाकत नाही, तुम्हीही टाकू नका.

२०१६ मध्ये जिओ आलं सप्टेंबरला, नोव्हेंबरला नोटबंदी, त्याच वर्षी यूपीआय, आणि इथून आमचं काम पूर्ण बदललं. त्याआधी लोक म्हणायचे फोन ठेवून जातो, संध्याकाळी येतो. आता फोन ठेवून जायचं तर खिशातले पैसे, बँक, रेल्वेचा पास, मुलीच्या शाळेचा ग्रुप, आधार, सगळं ठेवून जायचं. पूर्वी आम्ही फोन सांभाळायचो, आता माणसाचं अख्खं घर सांभाळतो. म्हणून आम्ही पासवर्ड विचारत नाही, टेस्टिंगला लागलाच तर ग्राहकाने स्वतः टाकायचा. आणि एक गोष्ट फारशी कुणाला माहितीच नसते, सॅमसंगमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, तो चालू केला की फोटो, मेसेज, बँक काही दिसत नाही आणि रिपेअरवाला फक्त स्क्रीन, कॅमेरा, स्पीकर तपासू शकतो. कुठल्याही दुकानात द्या, आमच्याही, हा मोड लावून द्या.

लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आल्या तेव्हा एकेका घरात एक फोन आणि दोन मुलं अशी स्थिती होती. दुकान बंद, फोन चालू. लोक जुने कपाटातले फोन काढून द्यायचे, ह्यांनी सोसायटीच्या गेटवर घेऊन घरी बसून चार्जिंग पिना आणि बॅटऱ्या बदलून दिल्या. तेव्हा जे फोन चालू झाले ते सगळे आधी नवीन घेऊ म्हणून बाजूला टाकलेले होते.

आता सध्याचं डोकेदुखीचं कामही ऐका. फोन पडलेला नाही, पाणी नाही, रात्री अपडेट टाकला आणि सकाळी स्क्रीनवर उभी हिरवी रेघ. ग्राहक आमच्याशी भांडतो की तुम्ही काहीतरी केलं असेल, सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटी संपली, डिस्प्ले बदला, आणि त्या डिस्प्लेची किंमत फोनच्या निम्म्याला. दुसरं, पार्ट ओळखण्याचं लॉक. दोन एकसारखे ओरिजिनल फोन, एकाचा बोर्ड गेलेला, त्याचा चांगला डिस्प्ले दुसऱ्याला लावला तर काही फोन म्हणतात हा पार्ट अनोळखी आहे, आणि एखादं फीचर बंद करून टाकतात. कंपनीचाच पार्ट, कंपनीचाच फोन! गोंद निदान गरम करून सुटतो, हे कुलूप आमच्या हातात नाही.

आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने राईट टू रिपेअरसाठी (दुरुस्तीच्या हक्कासाठी) समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल आलं, ही चांगली सुरुवात आहे. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा पत्ता मिळून आम्हाला उपयोग नाही, आम्हाला पार्ट आणि बोर्डाचा नकाशा हवा, योग्य किमतीत आणि उघडपणे. युरोपात जून २०२५ पासून नियम लागू झालेत, मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं पार्ट द्यावे लागतात, बॅटरीने ८०० सायकलनंतर ८० टक्के धरलं पाहिजे. तेच फोन इथेही विकले जातात ना? मग इथल्या माणसालाही ते मिळायला हवं, आणि इथे तर त्याची गरज जास्त आहे कारण आपल्याकडे एक फोन आधी बाबांकडे, मग आईकडे, मग गावाला आजीकडे जातो.

रिपेअरशिवायचं कामही वाढलंय. स्टोरेज फुल हे सगळ्यात मोठं, आणि नव्वद टक्के वेळा सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ, व्हॉट्सॅपच्या सेटिंगमध्ये ऑटो डाउनलोड बंद केलं की अर्धा त्रास संपतो. मग लग्नपत्रिकेच्या नावाने किंवा ट्रॅफिकच्या चलानच्या नावाने आलेली एपीके फाईल, म्हणजे दाबली की फोनमध्ये बाहेरचं ॲप टाकणारी फाईल. एक निवृत्त काका आले, फोन स्वतःहून मेसेज पाठवतोय म्हणून, आम्ही आधी इंटरनेट बंद केलं, सिम काढलं, मग त्यांच्या सुनेला बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावायला सांगितला, फोन साफ करणं त्यानंतर. हा क्रम लक्षात ठेवा. हरवलेल्या फोनसाठी पोलीस तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता येतो, आणि सेकंडहँड घेताना स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय तपासूनच घ्या, बिल मागाच. जुन्या जीमेलने लॉक झालेला फोन आम्ही बिलाशिवाय उघडत नाही, कितीही ओळखीचा असो.

सध्या दुकानात दुसरा मायक्रोस्कोप लागलाय. त्यावर ठाण्यातल्याच चेंदणीची एक मुलगी शिकतेय, डिप्लोमा झालेली, डेड बोर्डवर जंपर मारते, म्हणजे तुटलेली रेष बारीक तारेने जोडते, दिवसभर आणि सुटला की न कंटाळता परत मारते. पुढच्या महिन्यापासून तिला बॅटरीची कामं द्यायची ठरवलीयेत, हीट प्लेटवर ह्यांच्या शेजारी बसून.