नकाशा दाखवता येतो, ‘डावीकडे वळा’ म्हणता येत नाही

सिंहस्थासाठी वाट दाखवणारं अ‍ॅप करायला घेतलं की पहिले चार दिवस सगळं सोपं वाटतं. गूगलचा नकाशा पडद्यावर येतो, रामकुंडावर खूण बसते, नाशिकच्या द्वारका चौकापासून तिथपर्यंत निळी रेघही उमटते. मग कोणीतरी म्हणतं, आता याला बोलतं करा, ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ असं. काम अडतं ते इथे. तंत्र अवघड नाही, करार आडवा येतो.

गूगल मॅप्स प्लॅटफॉर्मच्या अटींमध्ये हे उदाहरण देऊनच लिहिलेलं आहे. डिरेक्शन्स एपीआय, जिओलोकेशन एपीआय (एपीआय म्हणजे गूगलची सेवा आपल्या अ‍ॅपमधून वापरायची सोय) आणि अँड्रॉइडचा मॅप्स एसडीके (अ‍ॅपमध्ये जोडायचा तयार संच) एकत्र जोडून गूगल मॅप्सच्या तोडीचं चालू दिशादर्शन तयार करायचं नाही. रेघ काढा, अंतर सांगा, किती वेळ लागेल ते सांगा, हरकत नाही. पण माणूस जसजसा पुढे सरकतो तसतसं त्याला पुढचं वळण सांगत गेलात की अट मोडली. शिवाय त्यांनी दिलेला मार्ग दुसऱ्या कोणाच्या नकाशावर काढायचा नाही, आणि मार्ग साठवूनही ठेवायचा नाही. अक्षांश-रेखांशांना तात्पुरती सूट आहे, तीही ३० दिवसांची. हे वाचायचं राहून जातं आणि अ‍ॅप तयार झाल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येते.

ही बंधनं जुनी आहेत. २००८ साली आयफोनसाठी अ‍ॅप करायची मुभा मिळाली तेव्हा करारात चालू दिशादर्शनाला सरळ मनाई होती. २००९च्या जूनमध्ये ती उठली, पण नकाशा तुमचा तुम्ही आणायचा ही अट राहिली. त्या काळी रस्त्यांची माहिती टेली अ‍ॅटलस, नॅव्हटेक अशा मोजक्या कंपन्यांच्या हातात होती. नुसता नकाशा दाखवण्याचा परवाना वेगळा आणि वळणावळणाने बोलण्याचा वेगळा, अर्थात महाग. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलने अँड्रॉइड २.० बरोबर बोलतं दिशादर्शन फुकट दिलं, पण स्वतःच्या अ‍ॅपमध्ये. बाकीच्यांसाठी कुंपण तसंच राहिलं.

मग नाशिकमध्ये बसून काय करायचं? गाडीने येणाऱ्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे: बोलायचं काम स्वतःकडे घेऊच नका. तुमच्या अ‍ॅपमध्ये ‘वाट दाखवा’ असं बटण ठेवा आणि त्यातल्या दुव्याने फोनमधलं गूगल मॅप्स उघडा. या दुव्याला एपीआय की, म्हणजे गूगलकडून घ्यायची किल्ली, लागत नाही, पैसेही लागत नाहीत. मधले थांबे मोबाइल ब्राउझरमध्ये उघडल्यास ३ आणि एरवी ९ चालतात. ठिकाण नावाने देऊ नका, अक्षांश-रेखांशाने द्या. ‘रामकुंड’ असं नाव दिलंत तर गाडीवाला पंचवटीच्या गल्लीत शिरेल. त्याला वाहनतळाच्या फाटकाचा बिंदू हवा आहे. क्रमही सांभाळा. गूगलला आधी अक्षांश लागतो, म्हणजे नाशिकसाठी २० आणि मग ७३.८. उलटं झालं तर खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते. बोलणं तुमच्याच अ‍ॅपमध्ये हवं असेल तर गूगलचा नॅव्हिगेशन एसडीके आहे. त्याचं बिल पोचायच्या ठिकाणांच्या संख्येवर लागतं, तेव्हा पर्वणीच्या दिवसाचा हिशेब आधी मांडा.

चालणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे आणि खरी गरज तिथेच आहे. पर्वणीला माणूस शेवटचे काही किलोमीटर पायीच जातो, आणि नेमकं तेव्हाच गर्दीने नेटवर्क बसतं. गूगलचा नकाशा आधी उतरवून ठेवला तरी ऑफलाइन दिशादर्शन गाडीपुरतंच मिळतं, पायी चालायची वाट मिळत नाही. म्हणून पायी भागासाठी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाची माहिती घ्या. तिचा परवाना साठवण्याची, बदलण्याची आणि बोलण्याची तिन्ही मोकळीक देतो. त्या बदल्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख पडद्यावर दिसला पाहिजे, आणि त्या माहितीत भर घालून तो माहितीसंच लोकांना दिलात तर तोही त्याच परवान्यावर खुला ठेवावा लागतो. नकाशाची चित्रं मात्र त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवरून घाऊक उतरवू नका, त्याला मनाई आहे. नाशिक-त्र्यंबकेश्वरचा तुकडा लहानच आहे, त्याची चित्रं स्वतः बनवा.

मार्ग काढायला ओएसआरएम हे खुलं इंजिन पुरतं. जिओफॅब्रिक या संकेतस्थळावरून भारताच्या पश्चिम विभागाची ओपनस्ट्रीटमॅप फाइल घ्या, नाशिक जिल्हा कापून काढा, मग एक्स्ट्रॅक्ट (रस्ते वेगळे काढणं), पार्टिशन (नकाशाचे भाग पाडणं), कस्टमाइझ (वेग भरणं) या तीन पायऱ्या चालवा आणि एमएलडी नावाच्या पद्धतीने सर्व्हर सुरू करा. सीएच नावाची दुसरी पद्धत उत्तर जलद देते, पण रस्ता बंद झाला की तिची लांबलचक तयारी पुन्हा करावी लागते. एमएलडीमध्ये फक्त कस्टमाइझची पायरी परत चालवायची, आणि जिल्ह्याएवढ्या तुकड्याला ती पटकन उरकते. मेळ्यात रस्ते दिवसातून अनेकदा उघडतात-मिटतात, त्यामुळे हा फरक मोठा आहे. लक्षात ठेवा, ओएसआरएमला आधी रेखांश लागतो आणि मग अक्षांश, म्हणजे गूगलच्या उलट. दोन्ही एकाच अ‍ॅपमध्ये वापरणाऱ्यांची पहिली चूक हमखास हीच असते.

बंद रस्ता कळवायला साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला मजकूर) एक ओळ लिहायची: कुठल्या नोडपासून (नोड म्हणजे नकाशात रस्त्यावरचा एक बिंदू), कुठल्या नोडपर्यंत, वेग किती. वेग ० लिहिला की तो तुकडा बंद. ओळीला दिशा असते. दोन्ही बाजूंनी बंद करायचं तर दोन ओळी लागतात, आणि रस्त्यावरच्या लागोपाठच्या प्रत्येक नोडजोडीसाठी वेगळी ओळ लागते. फक्त दोन टोकं लिहून मधले नोड सोडले तर काहीच बंद होत नाही, आणि ‘चूक झाली’ असंही ठळकपणे कोणी सांगत नाही. दिशा असणं इथे फार उपयोगी पडतं. घाटाकडे जायची वाट एक आणि परतायची दुसरी, अशी व्यवस्था लागली तरी ओएसआरएमचं पायी प्रोफाइल, म्हणजे पायी मार्ग काढायची नियमांची फाइल, गाड्यांचा एकेरी नियम पाळत नाही. ते माणसाला खुशाल उलट्या दिशेने पाठवतं. तेव्हा उलट दिशेच्या ओळींना ० द्या. हे तात्पुरते बदल ओपनस्ट्रीटमॅपमध्ये घालू नका. तिथून उतरवलेले नकाशे लोकांच्या फोनमध्ये महिनोन्‌महिने राहतात आणि पर्वणी संपल्यावरही त्यांना वाट बंदच दिसेल.

प्रोफाइलमध्ये आणखी दोन गोष्टी हाताने बदलाव्या लागतात. पायी प्रोफाइलमध्ये चालण्याचा वेग ताशी ५ किलोमीटर धरलेला आहे आणि पायऱ्यांनाही तोच. घाटाच्या पायऱ्या आजीआजोबा त्या वेगाने उतरत नाहीत, गर्दीत तर कोणीच नाही. पायऱ्यांचा वेग १.५च्या आसपास आणा म्हणजे शक्य तिथे पायऱ्यांऐवजी उताराची वाट निवडली जाईल. गाडीचं प्रोफाइल वापरणार असाल तर डाव्या बाजूने वाहतूक ही खूण चालू करा. मुळात ती बंद असते, आणि मग इथे सोपं असलेलं डावं वळण अवघड आणि उजवं सोपं समजून मार्ग निघतात.

नकाशातल्या चुकाही तपासा. मुंबई नाका, द्वारका या पट्ट्यात महामार्ग उड्डाणपुलावरून जातो आणि खाली शहराचा रस्ता चालू असतो. असे दोन रस्ते नकाशात एकमेकांना छेदतात तिथे त्यांचा नोड सामाईक असता कामा नये. चुकून तसा झाला तर इंजिन पुलावरून थेट खाली वळायला सांगतं. वळणबंदी नोंदवताना ‘कुठून, कुठे, कुठल्या नोडवरून’ हे तीन भाग लागतात, आणि त्या नोडवर येणारा रस्ता तिथे तोडलेला असला पाहिजे. तो अखंड पुढे गेला तर बंदी नोंदली जाते, पण लागू होत नाही.

पूल की खालचा रस्ता, हे फोनलाही नीट कळत नाही. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण ५ मीटर असते, आणि उंचीतली चूक त्याहून जास्त. वर आणि खाली दोन्ही ठिकाणी अक्षांश-रेखांश जवळपास तेच येतात. म्हणून निर्णय पुलावर चढायच्या फाट्यावरच करा, ‘पुलावर चढू नका, डावीकडच्या रस्त्याने या’ असं आधीच सांगा, आणि पुढचे काही शे मीटर नवा मार्ग काढायची घाई करू नका. पंचवटीच्या बोळांत दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून सिग्नल परततो, तिथे ‘वाट चुकली’ म्हणायची मर्यादा २० मीटर ठेवली तर अ‍ॅप सारखं ओरडत राहील. पायी भागात ४० मीटर ठेवा.

वाक्यं तुम्हालाच लिहायची आहेत, कारण ओएसआरएम फक्त वळणाचा प्रकार आणि दिशा देतं. रस्त्याची नावं घेऊ नका. नाशिकमध्ये रस्ता विचारला तर कोणी रस्त्याचं नाव सांगत नाही. अशोकस्तंभावरून, रविवार कारंजावरून, काळाराम मंदिराच्या मागून, असंच सांगतात, आणि तेच ऐकणाऱ्याला कळतं. बाहेरगावच्या माणसालाही खूण दिसते, पाटी दिसत नाही. मराठी आवाज फोनमध्ये उतरवलेला नसेल तर अ‍ॅप गप्प बसतं, तेव्हा साठ-सत्तर छोटे तुकडे आवाजात भरून अ‍ॅपबरोबरच द्या. अंतरं ५०, १००, २०० अशी ठोकळ ठेवलीत तर तुकडे कमी लागतात. वेळेचं गणित वाहनागणिक बदलतं: ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर कापते, चार सेकंदांचं वाक्य संपेपर्यंत ४४ मीटर गेलेले असतात. चालणारा तेवढ्या वेळात सहा मीटरही जात नाही.

आता फोनची बंधनं. अँड्रॉइड ८पासून मागे गेलेल्या अ‍ॅपला तासातून मोजक्याच वेळा ठिकाण मिळतं. दिशादर्शन चालू असताना ठिकाण प्रकारची फोरग्राउंड सेवा (पडदा बंद असतानाही चालू राहणारं काम) आणि तिची सूचना वर दिसत राहिली पाहिजे, नाहीतर पडदा बंद होताच अ‍ॅप आंधळं होतं. अँड्रॉइड १२पासून वापरणारा ‘अंदाजे ठिकाण’ निवडू शकतो. मग सुमारे ३ चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो, ज्यात रामकुंड आणि शालिमार दोन्ही बसतील. आयफोनवर हीच निवड आयओएस १४पासून आहे. अ‍ॅपने हे ओळखून ‘अचूक ठिकाण चालू करा’ असं मराठीत, पायऱ्यांसह सांगावं. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला सेवा तरीही मारतात. तिथे अ‍ॅपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाही’ निवडायला लावा. आणि नेटवर्क जाणारच, म्हणून पूर्ण मार्ग, सगळ्या वळणांसह, निघतानाच फोनमध्ये उतरवा.

सरकारी बाजूने गोष्टी बऱ्याच मोकळ्या झाल्या आहेत. १५ फेब्रुवारी २०२१च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी भारतीय संस्थांची पूर्वपरवानगीची अट काढली. आडवी १ मीटर आणि उभी ३ मीटर या अचूकतेहून बारीक माहिती भारतातच साठवायची, आणि विदेशी कंपन्यांना ती एपीआयमार्फतच परवान्याने वापरता येते. रस्त्यावरून फिरून चित्रं टिपायचं कामही भारतीय संस्थांकडेच आहे. २०२२ साली स्ट्रीट व्ह्यू भारतीय भागीदारांमार्फत पहिल्या दहा शहरांत आलं, त्यांत नाशिक होतं. मनाई उरली आहे ती संवेदनशील ठिकाणांच्या खुणांवर. देवळालीचा लष्करी भाग आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना जवळ असल्यामुळे स्वयंसेवकांनी गोळा केलेले बिंदू प्रसिद्ध करण्याआधी कोणीतरी एकेक बघून घेतलाच पाहिजे.

दुचाकीवाल्यासाठी शेवटचं बंधन कायद्याचं. १ ऑक्टोबर २०२०पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनी हातातलं उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी वापरायला परवानगी दिली आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. बोलण्यासाठी किंवा टाइप करण्यासाठी नाही. त्यामुळे गाडी चालू असताना शोधपट्टी बंद ठेवा, बटणं दोनच ठेवा, आवाज चालू-बंद आणि थांबा. ठिकाण बदलायचं असेल तर वेग शून्यावर आल्यावरच तो पडदा उघडू द्या.