दोनदा परत आलेला लाल्या: एका कुत्र्याला सहा आठवडे तपासण्याचा माझा अनुभव

मी बेळगावचा, उद्यमबागला एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या एका छोट्या शेल्टरमध्ये मदतीला जातो. ट्रेनर वगैरे नाही, जे शिकलो ते वाचून आणि कुत्र्यांकडनं. गेल्या पावसाळ्यात लाल्या नावाच्या कुत्र्याचा स्वभाव तपासून लिहून द्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण तो दोन घरांतनं परत आलेला होता आणि तिसऱ्यांदा परत आला तर त्याला कोण विचारणार हा प्रश्नच होता.

लाल्या म्हणजे तांबडा, लांब पायांचा, छाती खोल आणि कंबर एकदम बारीक, वय अंदाजे दोन वर्षं, वजन २३ किलो. बघितल्या बघितल्या कळतं की मुधोळ क्रॉस. मुधोळ आमच्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, त्यामुळं आमच्या भागात या कुत्र्याचं कौतुक फार, २००५ साली पोस्टाच्या तिकिटावर पण आलं होतं ते. कौतुक आहे म्हणून लोक हौसेनं पिल्लू आणतात आणि सशामागं उघड्या माळावर पळायला घडवलेलं जनावर दोन खोल्यांत बांधून ठेवतात आणि वर्षभरात ते "वेडं झालं" म्हणून सोडून देतात, हे मी एकदा नाही, कितीतरी वेळा बघितलंय.

त्याच्या पिंजऱ्यावर कार्ड होतं: "हायपर. अंगावर येतो. आवरत नाही." एवढंच. मला ते बघून कसंतरीच झालं, कारण आमच्याकडं कास्टिंगच्या रिपोर्टात "पीस खराब" असं लिहिलेलं कुणी चालवून घेत नाही. ब्लो होल, म्हणजे ओतताना हवेनं राहिलेलं भोक, कुठं आहे, किती मिमीचं आहे, ते लिहावं लागतं, तरच पुढचा माणूस ठरवू शकतो हा पीस चालेल का नाही. इथं तर जिवंत जीव आहे. म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली आणि ठरवलं की कुत्रा कसा आहे हे लिहायचं नाही, कुत्र्यानं काय केलं तेवढंच लिहायचं, वेळ घालून.

सगळ्यात आधी डॉक्टरांकडनं तपासून घेतलं. हे लोक सोडतात आणि तिथंच चुकतात. कान दुखत असेल, दाढ किडली असेल, गोचिडतापानं अंग मोडून आलं असेल तर कुठलाही कुत्रा हात लावल्यावर खेकसणारच. लाल्याचे कान, दात, कंबर सगळं ठीक, रक्त नॉर्मल, नसबंदी झालेली, रेबीजची लस झालेली.

मग पहिला आठवडा मी फक्त पिंजऱ्यासमोर बसलो. तोंड अर्धं वळवून, नजर न देता, प्लास्टिकच्या स्टुलावर, मोबाइलचं स्टॉपवॉच लावून. लाल्या जाळीवर उड्या मारायचा, गोल फिरायचा, भुंकायचा, परत उडी. पहिल्या दिवशी त्याचे चारही पाय जमिनीवर टेकून राहायला १४ मिनिटं लागली. शेल्टरचं बघणारे मामा दोनदा येऊन गेले, "काय करूलास रे तिथं नुसतं बसून? बाहेर काढ की त्याला." म्हटलं बघूलोय मामा, थांबा जरा. आठवड्याच्या शेवटाला १४ ची ४ मिनिटं झाली. म्हणजे त्याला शांत होता येत होतं. किती वेळानं शांत होतो हे किती उड्या मारतो याच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं, असं मला तेव्हापासून वाटतं. आणि दुसरं जे दिसलं ते असं की त्या रांगेत दिवसा कुणालाच झोप नाही, एक भुंकला की बावीस भुंकतात, ताटल्यांचा आवाज, माणसांची ये-जा. कुत्रं दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ झोपतं ओ! या कुत्र्याला आपण एनर्जी म्हणत होतो त्यातली किती एनर्जी आणि किती जागरण, हे तिथं बसून सांगताच येत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात बाहेर काढलं. छातीचा पट्टा आणि ५ मीटरची दोरी, पहाटे सहाला, मागच्या भाताच्या बांधावरनं. पहिली पंधरा मिनिटं त्यानं मला अक्षरशः ओढत नेलं, मग हळूहळू नाक खाली गेलं आणि वास घेत चालायला लागला. मला वाटलं झालं, जमलं. आणि दुसऱ्याच फेरीला बांधावरनं एक टिटवी ओरडत उडाली. लाल्याचं तोंड मिटलं, कान पुढं, शेपूट ताठ, अंग असं की जणू तार ओढलीय, आणि दोरी संपेपर्यंत धाव. दोरीनं अडवल्यावर तो गरकन मागं वळला, आधी दोरी धरली, मग माझी बाही धरली, आणि त्याचा दात मनगटाला घासला. रक्त आलं, थोडंच, खरं आलं.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण हे प्रत्येकाला माहिती पाहिजे. जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि मग दवाखाना. मी शेल्टरला जायला लागलो तेव्हाच कुत्रा चावायच्या आधी घेतात ती रेबीजची लस घेतलेली होती म्हणून मला त्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक असे दोनच डोस लागले. हळद, चुना, बिब्बा काहीही लावायचं नाही. कुत्र्याला लस दिलेली असली तरी १० दिवस त्याच्यावर लक्ष ठेवायचं, ते पण ठेवलं.

आता प्रश्न आला वहीत लिहायचं का. मामा म्हणाले, "लिहू नको बाबा, वाचल्यावर कोण घेणार त्याला?" त्यांचं मन वाईट नव्हतं, लाल्यासाठीच बोलत होते. मला रात्रभर झोप लागली नाही. खरं शेवटी लिहिलं, जसं घडलं तसं: टिटवी, धाव, दोरी ताणली, मग बाही, दात घासला, गुरगुरला नाही, धरून झटकलं नाही, स्वतःहून सोडलं. हे लपवून कुणाच्या घरात दिलं असतं आणि तिथल्या पोराची बाही धरली असती तर तिसऱ्यांदा परत आला असता आणि यावेळी कार्डावर "चावतो" असं लागलं असतं.

मग पुढचे दोन आठवडे तेवढ्या एका गोष्टीवर घालवले. तो ताणला जायच्या आधीच्या खुणा ओळखायच्या, तोंड मिटलं की लगेच भाकरीचे आणि उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे गवतात विखरून टाकायचे. नाक खाली गेलं की दहा-बारा सेकंदांत खांदे सैल व्हायचे, आणि मग तो डोक्यापासून शेपटीपर्यंत पूर्ण अंग झाडायचा, ओलं झाल्यावर झाडतात तसं. ते अंग झाडणं बघितलं की मला पण हायसं वाटायचं. १९ फेऱ्यांत बाही परत एकदाच धरली, आणि तेव्हा चूक माझी होती, मी घाईत होतो, तुकडे खिशातच राहिले.

बाकीचं पटकन सांगतो. अंगावर हात फिरवून तीन सेकंदांनी थांबलं की स्वतःहून परत जवळ यायचा, म्हणजे स्पर्श आवडत होता. शेल्टरमधल्या म्हाताऱ्या कुत्रीबरोबर आधी लांबनं समांतर चालवलं, मग जवळ, खेळायला वाकला, ती खेकसली तर मागं सरला. खाण्याची टेस्ट म्हणून एकानं सुचवलं होतं की काठीला हातमोजा बांधून ताटलीत घालायचा, खाताना चिडतो का बघायचं. मी केली नाही. उपाशी, भेदरलेल्या कुत्र्याच्या ताटात काठी घातली तर तो काय करेल हे बघून घरात कसा वागेल ते कळत नाही. २०१६ साली दोघा अमेरिकन अभ्यासकांनी शेल्टरमधल्या असल्या टेस्टांचा हिशोब मांडला होता, त्यांचं म्हणणं की नाणं उडवण्यापेक्षा या बऱ्या नाहीत. मी काठीऐवजी जाता जाता त्याच्या ताटलीत चिकनचा तुकडा टाकत गेलो, चौथ्या दिवशी मी दिसलो की शेपूट हलायला लागलं.

कोंबड्या मात्र नाही. जाळीपलीकडं कोंबडी दिसली की हाक ऐकू यायची बंद, तुकडा नाकाला लावला तरी बघायचा नाही. तसंच लिहिलं.

पाचव्या आठवड्यात त्याला एका रात्रीसाठी अनगोळला माझ्या घरी आणलं. असल्या एक-दोन रात्रींनी शेल्टरच्या कुत्र्यांचा ताण उतरतो हे अमेरिकेतल्या पाच शेल्टरमध्ये मोजलेलं आहे, २०१९ सालचं काम, परत गेल्यावर ताण पुन्हा पहिल्याएवढा होतो हे पण त्यातच आहे. लाल्या साडेअकरापर्यंत स्वयंपाकघर ते बाहेरची खोली फेऱ्या मारत होता. आईला त्याची भीती वाटली नाही, ती गॅस पुसत होती, मध्ये मध्ये येतोय म्हणून तिनं सहज म्हटलं, "ए, कुंद्रु!" आणि लाल्या बसला. पटकन, पाठ सरळ करून, तिच्याकडं बघत. आम्ही दोघं बघतच राहिलो. पाच आठवडे मी त्याला "बस, बस" म्हणत होतो! आई परत म्हणाली "बा इल्ले", उठून तिच्याजवळ आला. कुठल्यातरी कानडी घरात कुणीतरी त्याला प्रेमानं शिकवलेलं होतं, आणि आम्ही सगळे मराठीत "ऐकत नाही" असं लिहीत होतो. आई त्याला म्हणाली, "तुला कुणी विचारलंच नाही होय रे बाळा." मग तो गोणपाटावर आडवा झाला आणि सकाळी साडेआठपर्यंत हलला नाही. नऊ तास. मी उठून दोनदा श्वास चाललाय का बघितलं.

विचारायला लोक येत होते. येळ्ळूरकडचे एक शेतकरी आले, माणूस भला, म्हणाले शेतावर सोडतो, पळेल बिनधास्त. आमच्याकडं सगळ्यांना हाच उपाय वाटतो, खरं शेतावर कोंबड्या असतात, शेजारच्याची करडं असतात, आणि लाल्या मोकळा सुटला तर पंधरा दिवसांत कुणाच्या तरी काठीखाली नाहीतर रस्त्यावर गाडीखाली गेला असता. मी नाही म्हटलं, वही दाखवली, त्यांना पटलं. मग खानापूर तालुक्यातला एक पोरगा आला, भरतीसाठी रोज पहाटे पळणारा. लाल्या आणि तो एकमेकांना शोभून दिसत होते. मी विचारलं, "तू भरती झालास की याला कोण बघणार?" तो गप्प बसला, आणि मग खरं बोलला, "घरी कुणाला आवड नाही दादा."

शेवटी हिंडलग्याकडचे एक काका आले, मराठा लाइट इन्फंट्रीतनं हवालदार म्हणून रिटायर झालेले, घरात ते आणि काकू, पोरं मोठी होऊन बाहेर, अंगणाला उंच भिंत, कोंबड्या नाहीत, आणि काकूंचं माहेर गोकाककडचं, कानडीच बोलतात. काकांनी पूर्ण वही वाचली, चष्मा लावून, तास लागला. दात घासल्याच्या पानावर बोट ठेवून त्यांनी मला तो प्रसंग तीन वेळा सांगायला लावला, टिटवी किती लांब होती, दोरी कुठल्या हातात होती. मग म्हणाले, "हे लपवलं असतंस तर मी नेलाच नसता." तीन रविवार आले, माझ्याबरोबर चालले, गवतात तुकडे टाकायला शिकले, आणि मग घेऊन गेले.

चौथ्या दिवशी फोन, मच्छरदाणी फाडली. मी विचारलं काल किती झोपला? पाहुणे होते, झोपलाच नाही. म्हटलं आज त्याला आतल्या खोलीत पडू दे, बाहेर नेऊ नका जास्त. दुसऱ्या दिवशी ठीक होता.

वहीची झेरॉक्स मी त्यांना दिली होती. परवा त्यांनी फोटो पाठवला, शेवटच्या पानानंतर त्यांनी स्वतःची पानं जोडलीत, शिस्तीत रेघा मारून: "५.१० निघालो. ५.४० शेजारची कोंबडी, अंतर अंदाजे ३० पावलं. थांबला. तोंड मिटलं. हिनं बा इल्ले म्हटलं. वळला."

"वळला" खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.