हा तुमच्याबरोबर पळतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, पळत नाही. पहाटे मी एकटी पळून येते आणि मग बंडूला घेऊन गुहागरच्या किनाऱ्यावर चालायला जाते. बंडू ग्रेट डेन आहे, वजन ६५ किलोच्या आसपास. तो दिसला की गावातली माणसं "कुत्रा आहे की वासरू?" एवढंच विचारतात. पळण्याचं विचारतात ते इथे प्लॉट घेऊन बंगला बांधलेले. त्यांच्याकडे स्वतःचा सेंट बर्नार्ड किंवा मॅस्टिफ असतो, आणि "एवढा किनारा आहे, दमवा त्याला" असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं.

दमवायला काही लागत नाही हो. तोच तर घोळ आहे. एवढं धूड बघून आपल्याला ताकद दिसते. त्याच्या सांध्यांना आणि हृदयाला ते रात्रंदिवस वागवायचं ओझं असतं. ही जात थोडा वेळ सुसाट धावेल, पण मैलोन्‌मैल एका लयीत पळणं तिचं काम नाही. शिवाय ग्रेट डेनमध्ये हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगण्याचा आजार बराच आढळतो. त्यामुळे व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांकडून छाती तपासून घेतलेली बरी.

कोकणात त्यात हवेची भर पडते. पारा ३० वर असला तरी आपण घामाने निथळतो. कुत्र्याला घामाचा आधार जवळजवळ नाहीच, पंजांना येतो तेवढाच. बाकी सगळी उष्णता धापा टाकून, जिभेवरचं आणि श्वासमार्गातलं पाणी हवेत उडवून बाहेर काढायची. इथली हवा आधीच पाण्याने भरलेली, ती आणखी किती घेणार? त्यात थोराड कुत्र्याच्या अंगात उष्णता तयार होते भरपूर आणि त्या मानाने ती बाहेर पडायला कातडी अपुरी. पहाटेचा गारवाही फसवा असतो, कारण हवेत दमटपणा तेव्हाच जास्त असतो. तरी ऊन नसतं म्हणून आम्ही पहाटच निवडतो. ऑक्टोबर आणि मे महिन्यात तर रमतगमत चालणं, एवढंच.

जीभ रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय अडखळले की तिथेच थांबायचं. कुत्र्याचं ताप नसतानाचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या वर गेलं की जिवावर बेतू शकतं. अशा वेळी आधी पाणी ओतायचं, मग गाडी काढायची. नळाचं, विहिरीचं, समुद्राचं, मिळेल ते ओता आणि वारा घाला. अंगावर ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. समुद्राचं पाणी पोटात मात्र जाऊ देऊ नका. खारं पाणी ढोसलं की उलट्या-जुलाब होतात, आणि जास्त गेलं तर रक्तातलं मीठ धोकादायक पातळीला जातं. माझ्या पाठीवर त्याची बाटली आणि वाडगा कायम असतो.

पिल्लू असेल तर पळवायचा विचारही नको. या जातींच्या हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चा पूर्ण भरायला दीड ते दोन वर्षं लागतात. आठ महिन्यांचं पिल्लू कमरेएवढं झालं म्हणजे मोठं झालं असं नाही. त्याला मोकळं बागडू द्या, थकलं की ते आपणच बसतं. पट्टा धरून सक्तीने पळवणं वेगळं.

वाळूही निवडून घ्यावी लागते. सुक्या मऊ वाळूत पाय रुततात आणि स्नायूबंध ताणले जातात, म्हणून आम्ही ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवर चालतो. किनारा समुद्राकडे उतरता असतो, त्यामुळे एका बाजूच्या पायांवर जास्त भार येतो. जितकं गेलो तितकंच त्याच पट्ट्याने परत आलो की दोन्ही बाजू भरून निघतात. लंगडणं एक-दोन दिवसांत गेलं नाही तर मुरगळलं असेल म्हणून सोडून देऊ नका. थोराड कुत्र्यांत हाडाचा कॅन्सर असाच सुरू होतो.

पट्टा कमरेला बांधून पळायची हल्ली फॅशन आहे. ६५ किलोंनी भटक्या कुत्र्यामागे झेप घेतली की तुम्ही तोंडावर आपटलात म्हणून समजा. छातीचा पट्टा, हातात दोरी, आणि ती मनगटाला गुंडाळायची नाही. मोकळं सोडणं तर इथे नकोच. नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्री घरटी उकरतात. शिवाय वाळूत तुटकी जाळी, गळ आणि मेलेले केंड मासे पडलेले असतात. केंड विषारी आहे, आणि बंडूला नेमका तोच वास आवडतो. कातळावर नेऊ म्हणाल तर तिथे गोचीड आणि फुरसं.

सगळ्यात जास्त भीती मला पोट फिरण्याची वाटते. खोल छातीच्या थोराड कुत्र्यांचं जठर वायूने फुगतं आणि कधी कधी स्वतःभोवती पीळ घेतं. रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत खेळ संपतो. ग्रेट डेनला हा धोका सगळ्या जातींत जास्त. म्हणून बंडूचं जेवण एकदाच पोटभर न देता दोनदा विभागून, आणि खाल्ल्यावर दोन तास तरी उड्या-धावपळ बंद. फिरून आल्यावरही धाप ओसरेपर्यंत ताट पुढे येत नाही. एवढं करूनही पोट फिरू शकतं, त्यामुळे खुणा घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात: ओकाऱ्या काढतो पण काहीच पडत नाही, लाळ गळते, एका जागी बसत नाही, पोट नगाऱ्यासारखं ताठ लागतं. तेव्हा ओवा, सोडा देऊन वाट बघायची नाही. यावर ऑपरेशन हाच उपाय, आणि ते रात्री-अपरात्री करणारी सोय आपल्या छोट्या गावांत नसते. कुठे जायचं, फोन कुणाला करायचा, हे आधीच ठरवून ठेवा. आणि कुत्र्याची नसबंदी करणार असाल तर त्याच वेळी जठर पोटाच्या भिंतीला टाक्यांनी अडकवून घेता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. त्याने फुगणं थांबत नाही, पीळ पडणं बहुतेक वेळा टळतं.