हप्ता आम्ही भरतो : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप कुडाळ एमआयडीसीत आहे. काजू कारखान्यांना लागणारी यंत्रं आम्ही बनवतो. बी उकडायचे स्टीम कुकर, गर सुकवायचे बोर्मा ड्रायर आणि अलीकडे त्यांचे कंट्रोल पॅनेलही. सुरुवात 2009 साली भाड्याच्या शेडमध्ये ग्रिल-गेटच्या वेल्डिंगने झाली. वेंगुर्ल्याच्या एका कारखानदाराने जुना बोर्मा दुरुस्तीला टाकला, तो उघडून, ठोकून, पुन्हा जोडून आम्ही हा धंदा शिकलो. पुढची भांडवलाची, बँकेची, जीएसटीची रडकथा सगळ्याच लहान कारखानदारांची असते, ती इथे लांबवत नाही. आमची खरी गोची माणसांची होती.

कोकण विभागीय मंडळ 2012 मध्ये सुरू झालं, आणि तेव्हापासून दहावीच्या निकालात कोकणाने पहिला नंबर सोडलेला नाही. निकाल लागला की नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे बॅनर लागतात. चार-पाच वर्षांनी त्याच बॅनरवरची पोरं दादरला जाणाऱ्या तुतारीच्या जनरल डब्यात बॅगा घेऊन भेटतात. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आता इकडे उद्योग येणार अशी भाषा होती. उद्योग आले ते थोडे, पोरं जायची सोय मात्र उत्तम झाली. गिरणीतला चाकरमानी चार इयत्ता शिकून जायचा आणि घरी मनिऑर्डर पाठवायचा. आता जातो तो डिप्लोमा किंवा बीई होऊन. त्याच्या शिक्षणावर बापाने आणि सरकारने घातलेला पैसा सरळ चाकणच्या नाहीतर तळोजाच्या कंपनीच्या उपयोगी पडतो.

शिकायला पैसा मिळत नाही असं आता म्हणता येणार नाही. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी शिक्षण फी सुटते. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण फी माफ आहे. बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. पण खोलीभाडं, मेस, लॅपटॉप, प्रोजेक्ट यांची बेरीज फीच्या पुढे जाते आणि कर्ज काढावंच लागतं. कोर्स संपून वर्ष झालं की हप्ता सुरू. चार लाख, दहा टक्के, सात वर्षं धरली तरी महिन्याला साडेसहा हजारांच्या वर जातात, आणि शिकतानाचं साचलेलं व्याज वेगळंच. आमच्याकडे नवख्या डिप्लोमावाल्याला पंधरा हजार पगार. त्यातून हप्ता गेल्यावर उरतं काय? पुण्यात पंचवीस मिळतात, त्यातले दहा-बारा राहण्या-खाण्यात जातात, तरी कागदावर पंचवीस दिसतात. लग्नाच्या बाजारातही पंचवीसच दिसतात, हे वेगळं सांगायला नको.

एका मुलाला आम्ही घेतलं, पोरगं हुशार, हाताला चपळ. त्याची आई वर्कशॉपवर डबा घेऊन आली की माझ्यासमोरच त्याला विचारायची, "हय रवान काय करतलंस?" मी त्या माऊलीला दोष देत नाही. कर्जाच्या कागदावर तिच्या नवऱ्याची सही होती आणि बँकेचा मेसेज त्याच्याच मोबाइलवर यायचा.

शेवटी आम्ही पगाराची रचनाच बदलली. जो शैक्षणिक कर्ज घेऊन आला त्याचा पगार पंधराच, पण पहिली तीन वर्षं हप्ता वर्कशॉप भरणार. सीएने सांगितलं की ही रक्कम पगारातच धरावी लागेल, तशी धरतो. पहिली तीन वर्षं निभावली की त्याचा हात बसलेला असतो, पगार वाढवणं आम्हालाही परवडतं आणि पुढचे हप्ते त्याचे त्याने भरायचे. बॉण्ड लिहून घे, असा सल्ला जवळजवळ प्रत्येकाने दिला. मी घेतला नाही. पोरगं मनातून गेलं असेल तर त्याची सही फायलीत ठेवून मी काय करू?

या पैशाची किंमत वसूल झाली ती अशी. बोर्म्यात गर 70 अंशांच्या आसपास सहा-आठ तास ठेवतात, म्हणजे साल सुटते. आमच्या जुन्या ड्रायरात वरच्या ट्रेचा गर करपायचा आणि खालच्याची साल चिकटून राहायची. साल काढणाऱ्या बायका सुरीने खरवडायच्या, गर फुटायचा, आणि अख्ख्या काजूचा भाव तुकड्याला थोडाच मिळतो! कारखानदार आमच्या नावाने बोटं मोडायचा. हप्त्याच्या बोलीवर आलेली एक इलेक्ट्रॉनिक्सची मुलगी आजऱ्याच्या गिऱ्हाइकाकडे रात्रभर थांबली आणि प्रत्येक थरावर सेन्सर लावून दर अर्ध्या तासाने आकडे लिहीत बसली. वर-खाली अकरा अंशांचा फरक निघाला. तिने पंख्याची जागा बदलायला लावली, हवेला आडव्या पट्ट्या सुचवल्या आणि हवेची दिशा आलटून-पालटून फिरवणारं पॅनेल स्वतः जोडलं. पहिला घाणा निघाला तेव्हा साल काढणाऱ्या मावशीने मूठभर गर तळहातावर चोळला, साल फुंकून उडवली आणि म्हणाली, "ह्यो बरो आसा." पॅनेल हा आमचा वेगळा धंदा झाला तो तिथून.

अप्रेंटिसशिपच्या केंद्राच्या योजनेचाही आम्ही फायदा घेतो. स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार, सरकार देतं. रक्कम मोठी नाही, पण वर्षभरात पोराला काम आवडतं का आणि आम्हाला पोरगं, हे दोघांनाही कळतं. पोर्टलवर कागद चढवायला मात्र चिकाटी लागते.

गेलेही काही. एक जण आमचे हप्ते संपल्या संपल्या आखातात गेला, दुसरीने लग्नानंतर बदलापूर गाठलं. ज्याची आई डबा आणायची तो अजून इथेच आहे आणि पावसाळ्यात, हंगाम नसताना, दोडामार्ग ते चंदगडपर्यंतच्या सगळ्या सर्व्हिसिंगचं तोच बघतो. मधल्या काळात बीई झालेले दोघे मुंबईहून परत येऊन चौकशी करून गेले, त्यांचा पहिला प्रश्न हप्त्याचा होता आणि दुसरा इंटरनेटचा. इंटरनेटचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

एमआयडीसीतल्या शेजाऱ्यांनी ही पद्धत विचारून घेतली. एकाने सुरूही केली. दुसरा म्हणतो, एवढ्या पैशात सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचा, हप्ता बसेल. त्याचंही चूक नाही, त्याचं काम मशिनवर चालतं. आमचा पुढचा हिशेब फूड टेक्नॉलॉजीवाल्या एका मुलीचा आहे. तिचं कर्ज आमच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा मोठं आहे, म्हणून तीनऐवजी चार वर्षं हप्ता भरायचा का, यावर सध्या आमच्या भागीदारांत वाद चालू आहे. मी चारच्या बाजूने आहे.