गालिच्याच्या दुकानापासून जिन्याच्या कामापर्यंत: आमची वाटचाल

आमची फर्म मूळची गालिच्यांची. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, १९८०च्या दशकात बडोद्याच्या रावपुऱ्यात दुकान थाटलं. अलकापुरी आणि रेसकोर्सच्या बाजूला तेव्हा नवे बंगले उभे राहत होते आणि घरभर कारपेट अंथरण्याची हौस होती. जिन्याला तर हमखास. सिमेंटच्या पायरीवर फोमचा थर, त्यावर नायलॉनचं कारपेट, रबरी गमने घट्ट चिकटवलेलं. गिऱ्हाईक दुकानात टेकलं की अण्णा त्याला बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या मोत्यांच्या गालिच्याची गोष्ट सांगायचे. १८६५च्या सुमारास बडोद्यात बसऱ्याच्या मोत्यांनी मढवलेला तो गालिचा २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात विकला गेला. ती बातमी अण्णांनी दोनदा वाचून दाखवल्याचं आठवतं. बडोद्याचा माणूस आणि गालिचा हे नातं त्यांना फार जवळचं होतं.

त्या काळी ते कारपेट योग्यच होतं, असं मी आजही म्हणते. जिन्यावर आवाज होत नाही, पाय सरकत नाही, मूल घसरलं तरी फार लागत नाही. वीस वर्षांनीही काही घरांत ते तग धरून होतं. पण जिन्यावरचं कारपेट विरतं ते पायरीच्या मध्यावर नाही, कडेवर. उतरताना अंगाचं सगळं वजन पावलाच्या पुढच्या भागावर येतं आणि तो भाग कडेवरून वळून खालच्या पायरीकडे जातो. रोज, तिथेच. आतला फोम जुना होऊन भुगा होतो, कारपेट सैल पडतं, आणि जी वस्तू घसरू नये म्हणून बसवली तिच्यातच अंगठा अडकायला लागतो.

मी या धंद्यात आले ती लग्नानंतर, पण हाती मोजपट्टी आधीपासून होती. एम. एस. युनिव्हर्सिटीत गृहविज्ञान शिकताना ओट्याची उंची, शेल्फची उंची, वाकल्यावर पाठीवर येणारा ताण हे सगळं मोजायला शिकवलं होतं. अण्णा कापड हाताने पारखायचे, मी पायऱ्या मोजायची. त्यांना ते आवडायचं.

धंद्याला वळण लागलं ते पावसाने. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला. विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांत शिरलं आणि खालच्या तीन-चार पायऱ्यांवरचं कारपेट पाणी पिऊन बसलं. वरून ते दोन दिवसांत वाळल्यासारखं वाटतं, आतला फोम मात्र आठवडेच्या आठवडे ओला राहतो, मग बुरशी आणि वास. फोनवर सगळ्यांचं एकच: हे काढून द्या, आणि त्या जागी काय लावायचं तेही तुम्हीच सांगा. आमची आजची फर्म या दुसऱ्या वाक्यावर उभी आहे.

लोक आल्याआल्या विचारतात, ताई, लाकूड चांगलं की दगड? मी आधी जाडी विचारते. कारण सांगते. समजा, तुमच्या जिन्याची प्रत्येक पायरी १७० मिलिमीटर उंच आहे. कारपेट काढून सगळ्या पायऱ्यांवर २५ मिलिमीटरची फळी किंवा लादी बसवली, तर मधल्या पायऱ्यांची उंची १७०च राहते, कारण प्रत्येक पायरी तेवढीच वर सरकते. पण हॉलची जमीन वर येत नाही, म्हणून पहिली पायरी १९५ होते. वरच्या मजल्याची जमीनही हलत नाही, म्हणून शेवटची चढण १४५ राहते. राहत्या घरातल्या जिन्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेने चढणीची कमाल उंची १९० मिलिमीटर दिली आहे आणि पाय ठेवायला किमान २५० मिलिमीटर खोली. म्हणजे पहिलीच पायरी मर्यादेबाहेर, आणि पहिल्या-शेवटच्यात तब्बल ५० मिलिमीटरचा फरक. माणूस जिना डोळ्यांनी चढत नाही. दोन पायऱ्या झाल्या की पाय उंची लक्षात ठेवतो आणि पुढे त्याच अंदाजाने पडतो. अंदाज चुकला की तोल जातो, विशेषतः रात्री, विशेषतः वय झालेल्या माणसाचा. जिन्यावरून पडून खुब्याचं हाड मोडलेली माणसं आमच्या नात्यात आहेत, त्यामुळे हे मी गिऱ्हाइकाला कंटाळा येईपर्यंत सांगते.

उपाय आहेत. जुन्या पायऱ्यांवर बहुतेक वेळा सिमेंटच्या गिलाव्याचा जाड थर असतो, तो छिन्नीने टाचून, म्हणजे ठोकून काढून, तेवढीच जागा करायची. किंवा खाली-वर दोन्ही मजल्यांची फरशी बदलायचीच असेल तर तीही तेवढीच उचलून घ्यायची. हे दोन्ही जमत नसेल तर पातळ आच्छादन निवडायचं. टाचण्याचं काम धुळीचं आणि खर्चाचं, म्हणून बरेच जण ते टाळून थेट वरून बसवून देतात. आम्ही देत नाही.

आणखी एक. कारपेटखाली काय असेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. कारपेट बसणारच आहे म्हणून मूळच्या मिस्त्रीने कडा ओबडधोबड सोडलेल्या असतात, काही तुटक्या, काही तिरक्या. शिवाय जुना गम. तो खरवडून खालचं सिमेंट दिसेपर्यंत काढावा लागतो, नाहीतर नवं काहीही त्याच्यासकट सुटतं. हे काम आमच्याकडे अण्णांच्या वेळचे कारागीर करतात. गम त्यांनीच लावलेला, त्याची जात त्यांना माहीत.

आता सामानाचं. लॅमिनेटबद्दल सगळ्यात जास्त विचारणा होते, कारण ते दिसायला लाकडासारखं आणि परवडणारं. त्याच्या पाकिटावर एसी-३, एसी-४ असा दर्जा लिहिलेला असतो, पण तो सपाट पृष्ठभाग किती घासला तर टिकेल याचा असतो. कडेवर पडणारा आघात वेगळा. शिवाय आत दाबलेला लाकडाचा भुसा, त्यात पाणी शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. जिन्यासाठी मी ते सुचवत नाही. एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक यांच्या फळ्या, पाण्याला दाद देत नाहीत आणि पाच-सहा मिलिमीटर जाडीत मिळतात, म्हणून उंचीचा प्रश्न असेल तिथे त्या उपयोगी. अट एवढीच की जिन्यावर त्या खटक्याने अडकवून सोडायच्या नाहीत, पूर्ण चिकटवायच्या, आणि कडेला धातूची नोजिंग, म्हणजे पायरीच्या कडेवर बसणारी पट्टी, स्क्रूने पक्की करायची.

मोरबीच्या स्टेप टाइल्स, चार फूट बाय एक फुटाच्या, कडेला गोलाई आणि खाचा असलेल्या, आता सगळीकडे दिसतात. घ्यायच्या तर आरपार एकाच रंगाच्या घ्या. वरच्या थरापुरतंच डिझाइन असलेल्या टाइलची कड उडाली की आतला वेगळा रंग उघडा पडतो, आणि कड कधी ना कधी उडतेच.

माझं मन मात्र कोटा दगडात आणि सागात आहे. कारेलीबागेतल्या एका काकूंचं घर आठवतं. मुलगा परदेशातून फोनवर काळ्या, आरशासारख्या ग्रॅनाइटचा आग्रह धरत होता. काकू मला म्हणाल्या, "अगं, फरशी पुसली की त्यावर मला पाय ठेवायचीच भीती वाटेल." मग मुलाला मी व्हिडिओवर दोन तुकडे ओले करून दाखवले, एक चकचकीत ग्रॅनाइट, एक हलका घासलेला कोटा, आणि दोन्हींवरून ओलं पाऊल फिरवलं. तो लगेच म्हणाला, "ताई, आईला हवं तेच लावा." हिरवट कोटा, कडेला अर्धगोल मोल्डिंग, कडेपासून थोडं आत दोन खाचा, आणि प्रत्येक कडेला फिकट दगडाची पट्टी, म्हणजे चष्मा नसतानाही पायरी संपते कुठे ते दिसतं. कोटा स्वस्त म्हणून लोक त्याला कमी लेखतात. पण त्याचा रंग आरपार एकच असतो, झिजला तर पुन्हा घासून पॉलिश होतो. टिकाऊ म्हणजे मला हेच वाटतं: जे झिजल्यावर दुरुस्त होतं.

याच कारणाने सागवान. बडोद्यातले जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांच्या तुळयांतून निघणारा साग आम्ही शोधून घेतो. तो पुरता मुरलेला असतो, खिळे काढून चिरला की पायरीच्या फळ्या निघतात. नवा वलसाडी सागही चांगला, पण पाण्याचं प्रमाण मीटरने मोजूनच घ्यायचा, साधारण १२ टक्क्यांच्या आत. भर पावसाळ्यात बसवलेलं ओलं लाकूड उन्हाळ्यात आकसतं आणि मग पायरी करकरते. भरीव सागाची फळी आयुष्यात अनेकदा रंधून नवी करता येते. इंजिनिअर्ड, म्हणजे थर चिकटवून केलेल्या, लाकडाचा वरचा थर तीन-चार मिलिमीटरचा, तो एक-दोनदा घासून होतो.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री ३५ फुटांवर गेली तेव्हा आमच्या कामाची परीक्षा झाली. पाणी ओसरल्यावर आम्ही जुन्या गिऱ्हाइकांकडे स्वतःहून फिरलो. कोट्याच्या पायऱ्या धुऊन पुसून तशाच्या तशा होत्या. सागाच्या खालच्या फळ्यांचं पॉलिश पांढरं पडलं होतं, लाकूड शाबूत होतं. ते आतून पूर्ण वाळेपर्यंत थांबून मग घासून पुन्हा पॉलिश केलं. त्या वर्षी नवं काम कमी घेतलं, पण ही दुरुस्ती आधी केली.

कारपेट आम्ही सोडलेलं नाही. उघड्या पायऱ्यांचा आवाज होतो, लहान मुलं असतात, म्हणून कोणाला मधोमध पट्टा हवा असेल तर तो बसवतो, पण पितळी दांड्यांनी अडकवून, गम न लावता. काढायचा, झटकायचा, उन्हात टाकायचा, परत लावायचा. अण्णांना ही पद्धत पटली होती.

आम्हाला बोलावण्याआधी घरी एक काम करून ठेवा. प्रत्येक पायरीची उंची खालपासून वरपर्यंत क्रमाने मोजून कागदावर लिहा, पहिली आणि शेवटची वेगळी, आणि एका कोपऱ्यात कारपेट उचलून त्याची व फोमची मिळून जाडी लिहा. वरच्या-खालच्या मजल्याची फरशी पुढच्या दोन-चार वर्षांत बदलायचा विचार असेल तर तेही सांगा. त्यावरून कोटा, साग की पातळ फळी, हे बऱ्याचदा फोनवरच ठरतं.