सेवा केंद्राच्या संगणकाची डिस्क इमेज : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातील एका लहान गावी मी सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विम्याचे अर्ज अशी सगळी कामे ज्या एका डेस्कटॉपवर होतात, त्याची ५०० जीबीची हार्ड डिस्क गेल्या उन्हाळ्यात फारच मंदावली. विंडोज सुरू व्हायला इतका वेळ लागे की समोरचा माणूस ‘भाऊ, तवर मी चहा पिऊन येतो’ म्हणून उठून जाई. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये डिस्कची प्रकृती पिवळ्या रंगात ‘कॉशन’ (सावधान) अशी दिसली, तेव्हा ती बदलणे भाग आहे हे स्पष्ट झाले.

लोकांच्या फाइली मी पेन ड्राइव्हवर वेळोवेळी काढून ठेवतोच. खरी चिंता फाइलींची नव्हती. अंगठा घेण्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारशी जोडणारा प्रोग्रॅम), डिजिटल सहीच्या टोकनचा, म्हणजे सहीसाठी यूएसबीला लावायच्या साधनाचा, ड्रायव्हर, जुन्या अर्जांसाठी लागणारे कृतिदेव फाँट, रेमिंग्टन कीबोर्डची जुळणी आणि प्रिंटरच्या कागदाचे नेमके समास ही सगळी मांडणी कुठल्याही फोल्डरमध्ये नसते. ती विंडोजच्या पोटात ठिकठिकाणी विखुरलेली असते. विंडोज नव्याने टाकले की ती पुन्हा बसवण्यात दिवस जातात आणि ऐन खरिपात, पीक विम्याच्या गर्दीत, ते परवडत नाही. म्हणून संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे इमेज, घेऊन ती नव्या ४८० जीबीच्या एसएसडीवर (फिरती चकती नसलेल्या वेगवान डिस्कवर) उतरवायचे मी ठरवले. त्यासाठी तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कम्प्युटिंग या संस्थेत तयार झालेले क्लोनझिला हे मोफत सॉफ्टवेअर निवडले. ते डिस्कवरचा फक्त वापरलेला भाग उचलते, त्यामुळे जेमतेम ९० जीबी भरलेल्या डिस्कची इमेज दाबून बरीच लहान होते.

पूर्वतयारीला मी सर्वाधिक वेळ दिला आणि तो सार्थकी लागला. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेले असते. अशा अवस्थेतील विभाजनाची (डिस्कच्या पार्टिशनची) इमेज क्लोनझिला सहसा घेत नाही. म्हणून तो पर्याय आधी बंद केला. दुसरी अडचण आकाराची होती. ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसते, तर ४८० जीबीची एसएसडी ४४७, म्हणजे नवे भांडे जुन्यापेक्षा लहान. लक्ष्य डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान असली की क्लोनझिला एरवी थांबते. त्यावर उपाय असा की डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन शेवटचे विभाजन, म्हणजे माझ्याकडचा डी ड्राइव्ह, २५ जीबीने आक्रसून घेतला आणि नंतर उतरवताना तज्ज्ञांसाठीच्या यादीतील ‘-आयसीडीएस’ हा पर्याय निवडून आकाराची तपासणी वगळली. केवळ तपासणी वगळून भागत नाही. सगळी विभाजने नव्या डिस्कच्या हद्दीत संपली पाहिजेत. सी ड्राइव्ह आक्रसताना अनेकदा मधली न हलणारी फाइल आडवी येते, डीच्या बाबतीत तशी अडचण आली नाही.

रुफस या प्रोग्रॅमने क्लोनझिलाचा पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून संगणक सुरू केला. पडद्यावर माउस चालत नाही, सगळे बाणाच्या कळांनी निवडायचे असते. ‘डिव्हाइस-इमेज’, मग इमेज ठेवायची बाहेरची डिस्क, मग ‘सेव्हडिस्क’ असा क्रम. यादीत डिस्कची नावे ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी येतात आणि त्यांवर विसंबणे धोक्याचे असते, म्हणून दोन्ही डिस्कचे मॉडेल क्रमांक आधीच कागदावर उतरवून घेतले होते. काम रात्री दहानंतर सुरू केले, कारण आमच्याकडे शेतातील मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज घसरते. इन्व्हर्टरची बॅटरीही त्या दिवशी पूर्ण चार्ज ठेवली होती. इमेज पूर्ण झाल्यावर ती उतरवण्याजोगी आहे का हे तपासण्याची सोय क्लोनझिलात आहे. वेळ लागतो, पण ती वगळू नये.

उतरवण्याच्या वेळी, ‘रिस्टोअरडिस्क’ निवडल्यावर, लक्ष्य डिस्कवरील सर्व माहिती नष्ट होईल अशी ताकीद देऊन ते दोनदा ‘वाय’ दाबायला लावते. जुनी डिस्क मी त्याआधीच काढून बाजूला ठेवली होती. एकतर चुकीच्या डिस्कवर लिहिले जाण्याचा प्रश्नच उरत नाही. शिवाय दोन्ही डिस्कवर एकच सही (विंडोज डिस्क ओळखते तो क्रमांक) असल्याने त्या एकत्र जोडल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन करू शकते. विंडोज पहिल्याच झटक्यात उघडले, मदरबोर्ड तोच असल्याने ॲक्टिव्हेशनही टिकले. अंगठा आणि टोकन चालवून पाहिले, एक सातबारा छापून पाहिला, समास जागच्या जागी होते. डिजिटल सहीची गुप्त किल्ली टोकनमध्येच असते, इमेजमध्ये नाही. इमेजने वाचवला तो ड्रायव्हर.

इमेजमध्ये लोकांच्या आधार कार्डांचे स्कॅन आहेत, म्हणून ती घेताना क्लोनझिलाचा सांकेतिक कुलूप लावण्याचा पर्याय वापरला आणि जुनी डिस्क भंगारवाल्याला दिली नाही. शेजारच्या गावातील केंद्रचालक मित्राने हीच इमेज आपल्या संगणकावर टाकून देण्याची विनंती केली होती. त्याचे यंत्र वेगळे, विंडोजचा परवाना वेगळा, आणि माझ्या गावच्या लोकांची कागदपत्रे त्याच्या टेबलावर जाणे योग्य नव्हते. मी त्याला क्लोनझिलाचा पेन ड्राइव्ह दिला आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या केंद्रावर बसून त्याच्याच डिस्कची इमेज काढून दिली.