जांबोटीच्या अलीकडे डिफरेन्शियलनं तेल सोडलं

कणकुंबीला माउलीचं दर्शन झालं, मलप्रभेचा उगम पाहिला, चोर्ला घाटात धुक्याशिवाय काही दिसलं नाही. दोन दिवस असे गेले. लिहायचंय ते परतीच्या तेलगळतीबद्दल.

जांबोटीच्या अलीकडे गंधकासारखा जळका वास आला. फोर बाय फोर जीपखाली वाकून बघितलं तर मागच्या डिफरेन्शियलचं, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरच्या गोळ्याचं, तोंड ओलं आणि वर बॉडीच्या तळाला तेलाचा आडवा पट्टा. हा पट्टा पिनियन सीलची, म्हणजे डिफरेन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याभोवतीच्या तेल अडवणाऱ्या कड्याची, खूण. त्या दांड्यावरची जोडचकती, म्हणजे फ्लँज, फिरताना गळणारं तेल गोल भिरकावतो, म्हणून ते वर लागतं. कव्हरचं पॅकिंग किंवा ड्रेन प्लग गळत असेल तर तेल खालीच ओघळतं. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर आधी बोटावर घेऊन बघा: पातळ, जवळजवळ बिनरंगी असेल तर ब्रेक ऑइल, दाट आणि उग्र वासाचं असेल तर एक्सल सीलमधून आलेलं गिअर ऑइल.

राग याचा आला की हेच सील निघायच्या आठ दिवस आधी नवं बसवून घेतलं होतं.

खानापूरच्या गॅरेजमधल्या मामांनी सीलला हातच लावला नाही. हौसिंगच्या, म्हणजे डिफरेन्शियलच्या कवचाच्या, माथ्यावरची बारकी टोपी काढून माझ्या हातात दिली. "ब्रीदर बघितलाय काय कुणी? नुसतं सील बदलून काय हुतंय, आतली हवा कुठनं जाणार?"

ब्रीदर म्हणजे ही हवा ये-जा करायची टोपी. ती चिखलानं गच्च बुजली होती. एक्सल तापला की आतली हवा फुगते. ब्रीदर बंद असेल तर ती सीलच्या ओठातून तेल घेऊनच बाहेर पडते. तोच तापलेला एक्सल ओढ्याच्या गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. आमचं तेल दुधाच्या चहासारखं निघालं, ते यामुळेच. सील बदलणाऱ्यानं दोन मिनिटं काढून ब्रीदर फुंकून बघायला हवा होता, एवढीच माझी तक्रार.

तेल काढताना आधी वरचा फिलर प्लग सोडवा, मग खालचा. खालून तेल सोडून दिलं आणि वरचा प्लग गंजून अडकला तर गाडी जागेवरच राहते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा लगदा चालतो, लोखंडाचे कपचे नाहीत.

पुढचं काम घाईचं नाही. गाडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, चाकांना उटी (अडसर) लावली, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागे येणारा दांडा) आणि फ्लँजवर खुणा करून शाफ्ट उतरवला. फ्लँज वर-खाली हलवून पाहिला. खेळ असता तर बेअरिंग गेलेलं, मग नवं सीलही टिकत नाही. पिनियनचा नट सोडण्याआधी नट, पिनियनचा शाफ्ट आणि फ्लँज तिन्हींवर पंचनं ठिपका मारला आणि नटाबाहेर आलेले आटे मोजले. आत चेपणारी नळी, म्हणजे क्रश स्लीव्ह असते. नट खुणेच्या फार पुढे गेला तर ती जास्त चेपते, बेअरिंगवर ताण येतो आणि ते जळतं. मागे राहिला तर पिनियन सैल. खुणेवर आणून केसभर पुढे, बस. फ्लँज फिरवायला लागणारा जोर उघडण्याआधी मोजलेला असेल तर उत्तमच.

फ्लँज पुलरनं काढला आणि दुसरं कारण सापडलं. सील जिथं घासतं तिथं गोल खाच होती, नख अडकत होतं. अशा खाचेवर कितीही चांगलं सील घाला, ते गळणारच. फ्लँज पिशवीत घालून बसनं बेळगाव गाठलं. उद्यमबागेत बेअरिंगच्या दुकानात पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची स्टीलची स्लीव्ह मिळाली, शेजारच्या लेथवाल्यानं ती सरळ दाबून बसवून दिली. एवढी पातळ स्लीव्ह असली की सील त्याच मापाचं चालतं. माप सीलवरच कोरलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

सीलच्या ओठाला ग्रीस लावलं आणि त्याच व्यासाच्या पाइपच्या तुकड्यानं चहूबाजूंनी सारखं ठोकत ते बसवलं. एका कडेला ठोकलं की ते तिरकं बसतं. फ्लँजच्या आतल्या खाचांना थोडं सीलंट लावलं, नाहीतर तेल तिथूनही चढतं. ओलावा काढायला थोडं स्वस्त तेल घालून गाडी सावकाश फिरवली, ते सोडलं आणि मग जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरलं. सपाट जागेवर फिलरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, त्याच्या वर नाही. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चासीवर उंच नेऊन बांधली.

मामांनी ब्रीदरच्या कामाचे पैसे घेतले नाहीत, घरची भाकरी-आमटी मात्र खायला लावली. बेळगाव परिसरातला हा आग्रह मोडता येत नाही आणि मोडूही नये.

निघण्याआधी हौसिंगचं तोंड डिझेलनं धुऊन, कोरडं पुसून त्यावर टाल्कम पावडर मारली होती. खानापूर ते बेळगाव २५-२६ किलोमीटर रस्ता कोरडाच मिळाला. बेळगावात कुंदा घ्यायला थांबलो तेव्हा आधी गाडीखाली शिरलो. पावडर होती तशी पांढरी.